एकदा देणगी दिलेली माणसं पुन्हा का देत नाहीत?

फडापल्याड (बीड जिल्हा), एप्रिल २०२५

नमस्कार मंडळी. आम्ही ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृह चालवतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास आई-बाप मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन कारखान्यांवर जातात, ते पाडव्याच्या आसपास परततात. त्या पाच-सहा महिन्यांत पोरांना म्हाताऱ्या आजीपाशी ठेवायचं, नाहीतर शाळा सोडवून उसाच्या फडावर न्यायचं, एवढंच घरच्यांच्या हातात असतं. आमच्याकडे यंदाच्या हंगामात ६४ मुलं-मुली होती.

दोन वर्षांपूर्वी एका वर्तमानपत्रात आमच्यावर लेख आला. महिनाभर फोन थांबत नव्हता. ३१० जणांनी देणग्या दिल्या, कुणी ५००, कुणी ५,०००, एका बाईंनी ५१,०००. त्यातून स्वयंपाकघर बांधलं, मुलींच्या खोलीला जाळीची दारं बसवली. मागच्या हंगामाच्या तोंडावर त्याच लोकांना व्हॉट्सअॅपवर आवाहन पाठवलं, तर जेमतेम चाळीस जणांनी पुन्हा दिलं. बाकीच्यांचं उत्तरही नाही.

पावत्या सगळ्यांना गेल्या आहेत. दिवाळीच्या शुभेच्छा जातात, १५ ऑगस्टच्या ध्वजवंदनाचे फोटो जातात. आता एक विश्वस्त म्हणतात, पुण्यात मेळावा घेऊन मोठ्या देणगीदारांना शाल-श्रीफळ द्या. दुसरे म्हणतात, संस्थेचं कॅलेंडर छापून घरोघर पाठवा. हा खर्च पोरांच्या ताटातूनच जाणार, म्हणून माझा हात धजावत नाही. कार्यालयात मी आणि अर्धा दिवस येणाऱ्या एक ताई, एवढेच आहोत. देणगीदार टिकवायचं काम तुमच्याकडे कसं करतात, ते जरा सविस्तर सांगाल का?

---

नोंदवही_ताई (सोलापूर जिल्हा)

दादा, शाल-श्रीफळ नको आणि कॅलेंडरही नको. मी मुलींच्या वसतिगृहाचं कार्यालय सांभाळते, देणग्यांचं काम पहिल्यापासून माझ्याकडेच आहे, त्यामुळे थोडं लांबवर लिहिते.

तुम्ही लिहिलंत की पैशातून स्वयंपाकघर झालं, जाळीची दारं बसली. हे त्या ३१० माणसांना कुणी कळवलं का? तुमच्या पोस्टमध्ये तसं कुठे दिसलं नाही. त्यांना शुभेच्छा गेल्या, झेंड्याचे फोटो गेले आणि मग थेट पुढचं आवाहन गेलं. लेख वाचून ज्याचा जीव कळवळला, त्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते, ती म्हणजे माझ्या पैशाचं काय झालं. त्याचं उत्तर मिळायच्या आत दुसऱ्यांदा हात पुढे केला की माणूस गप्प बसतो. रागाने नाही. त्याला वाटतं, इथे आपली गरज फक्त पैशापुरती आहे.

आमच्याकडे एक नियम आहे आणि तो आम्ही कितीही अडचण असली तरी मोडत नाही. एका आवाहनापासून दुसऱ्या आवाहनापर्यंत प्रत्येक देणगीदाराला निदान दोन वेळा खबर गेलीच पाहिजे. त्या पत्रात पैशाची मागणी नसते, खाली बँक खात्याचा क्रमांक नसतो, क्यूआर कोडही नसतो.

नमुना म्हणून एक पत्र देते, गृहस्थांचं नाव काढून:

"सप्रेम नमस्कार. आपण जूनमध्ये सौर बंबासाठी २५,००० रुपये दिले होते. बंब ९ नोव्हेंबरला बसला. आपल्या रकमेतले १८,४०० रुपये त्याला लागले, बाकीचा खर्च गावच्या वर्गणीतून झाला. आपले ६,६०० रुपये शिल्लक आहेत. मुलींच्या न्हाणीघराचं दार खालून कुजलं आहे, ते या रकमेत होईल. आपली हरकत नसेल तर तसं करू. नाहीतर आपण सांगाल त्या कामासाठी रक्कम राखून ठेवू. पहाटे साडेपाचला आंघोळीची रांग लागते, तिथे आता गरम पाणी मिळतं. थंडीत किती मुली आजारी पडतात त्याची नोंद ठेवतो आहोत, मार्चमध्ये कळवू."

आठ दिवसांत त्यांचं उत्तर आलं. दार जरूर करा, पण बिजागऱ्या पितळी घ्या, न्हाणीघरात लोखंडाला गंज चढतो. आणि बिजागऱ्यांचे पैसे त्यांनी वेगळे पाठवले. हे गृहस्थ त्यानंतर दर जूनला न मागता देतात, आणि पत्रात दाराची चौकशी करतात.

मार्चमध्ये त्यांना आजारपणाचा आकडा कळवला. तो फारसा कमी झालेला नव्हता, तसंच लिहिलं. आकडा चांगला असेल तेव्हाच कळवायचा, असं केलं असतं तर त्यांनी पुढच्या आकड्यावर विश्वास का ठेवावा?

तुमच्याकडे सांगण्यासारखं कितीतरी आहे. मुकादमाची उचल काय असते, नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' धरतात, पोरगी बारा-तेरा वर्षांची झाली की धाकट्या भावंडांना सांभाळायला तिलाच फडावर का नेतात, हे मुंबई-पुण्याच्या माणसाला ठाऊक नसतं. हंगाम सुरू होताना ६४ पैकी किती पोरं आली, पाडव्यापर्यंत किती टिकली, मधेच किती जणांना आई-बाप घेऊन गेले, हे सरळ कळवा. दोन मुली दिवाळीनंतर फडावर गेल्या असतील तर तेही लिहा. देणगीदार शहाणी माणसं असतात, काम अवघड आहे हे त्यांना कळतं.

आता नोंदवहीविषयी. नाव, पत्ता, रक्कम, पॅन तर सगळेच लिहितात. आमच्या वहीत आणखी एक रकाना आहे: का दिली. लेख वाचून, आईच्या स्मरणार्थ, मुलाला नोकरी लागली म्हणून, स्वतः लहानपणी वसतिगृहात राहिले म्हणून. फोनवर बोलताना माणूस हे आपणहून सांगतो, फक्त फोन ठेवल्याबरोबर लिहून ठेवायचं. आमचे एक देणगीदार आईच्या नावाने अविधवा नवमीला मुलींना पुरणाचं जेवण देतात. ती भाद्रपद वद्य नवमी, तारीख दरवर्षी बदलते. म्हणून वहीत तिथी लिहिलेली आहे आणि जानेवारीत नवीन पंचांग आलं की अशा सगळ्या तिथींच्या तारखा काढून भिंतीवर लावते. त्या दिवशी जेवणं झाली की त्यांना फोन करते, काय केलं होतं ते सांगते. पुढच्या वर्षीचा विषयसुद्धा काढत नाही.

३१० फोन तुम्हा दोघांना जमणार नाहीत हे खरं. पण रोज पाच केलेत तर दोन-अडीच महिन्यांत होतात. सुरुवात त्या चाळीस जणांपासून करा. ज्यांनी दुसऱ्यांदा दिलं त्यांना तर आधी धन्यवाद द्या! सगळं लक्ष न आलेल्यांकडे लागतं आणि आलेली माणसं राहून जातात. आणि ५०० वाल्याला वगळू नका. निवृत्तिवेतनातून दिलेले ५०० कधी कधी कंपनीच्या ५०,००० पेक्षा जड असतात.

व्हॉट्सअॅपचंही तपासा. ब्रॉडकास्ट यादीतला निरोप, ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केलाय त्यांनाच पोचतो. लेख वाचून एकदाच फोन केलेल्यांपैकी बहुतेकांनी तो केलेला नसणार. म्हणजे तुमचं आवाहन अर्ध्याअधिक लोकांपर्यंत गेलंच नसण्याची शक्यता आहे.

---

खिडकी_क्र_३ (ठाणे)

मी बँकेतून निवृत्त झालो. पैसे देणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

माझी आजी सातारा भागातली. दळायला बसण्याआधी मूठभर धान्य वेगळ्या मडक्यात टाकायची, ते कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगसाठी. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतील असं बोर्डिंग त्यांनी १९२४ साली साताऱ्यात काढलं, आणि गावोगावच्या बायका अशी मूठ काढून ठेवत. मुष्टिफंड म्हणायचे त्याला. आजीला आपलं धान्य कुठे गेलं हे कळायचं, कारण गावातलाच पोरगा तिथे शिकत होता आणि सुट्टीत घरी यायचा. वेगळा अहवाल लागत नव्हता. माझं तसं नाही. मी ठाण्यात बसून फोनवरून पैसे पाठवतो, तिकडचं मला काहीच दिसत नाही.

मी दरवर्षी ठरावीक रक्कम चार-पाच ठिकाणी वाटतो. एका संस्थेला देणं थांबवलं, नाव सांगत नाही. मी ग्रंथालयासाठी म्हणून धनादेश दिला होता, मागे पत्रही जोडलं होतं. वर्षाने वार्षिक अहवाल आला, गुळगुळीत कागदावर, रंगीत, प्रमुख पाहुण्यांचे फोटो पानोपान. ग्रंथालयाचा त्यात उल्लेखच नव्हता. फोन केला तर म्हणाले, सर, सगळे पैसे मुलांसाठीच वापरतो. असेलही. पण मी पुस्तकांसाठी दिले होते.

दुसरी एक संस्था आहे कोकणात. त्यांचा अहवाल म्हणजे साध्या कागदाची चार पानं. जमाखर्च पहिल्या पानावर, शेवटी नाही. 'अधीक्षकांचं मानधन' ही ओळ त्यात ठळकपणे लिहिलेली. तिथे मी गेली कित्येक वर्षं देतोय आणि मृत्युपत्रातही त्यांचं नाव घातलं आहे. मला तिथून आजवर एकही भेटवस्तू आलेली नाही. येऊही नये.

फडापल्याड, तुम्ही ज्या बाईंचा उल्लेख केलात, ५१,००० वाल्या, त्यांना हंगाम सुरू असताना एकदा येऊन जेवायला बोलवा. समारंभ नको, पोरांच्या पंगतीत.

---

ताळमेळ (पुणे)

वरच्या दोघांनी मनाचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. लहान संस्थांची लेखापरीक्षणं करतो, आणि देणगीदार दुखावण्याचं एक मोठं कारण आमच्या टेबलावरच दिसतं.

नुसती पावती आता पुरत नाही. ८०जी नोंदणी, म्हणजे देणगीदाराला करात वजावट मिळवून देणारी नोंदणी, असलेल्या संस्थेला २०२१-२२ पासून प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर फॉर्म १०बीडी भरून प्रत्येक देणगीदाराची नोंद द्यावी लागते. त्यातून निघणारं फॉर्म १०बीई हे प्रमाणपत्र देणगीदाराला पाठवावं लागतं. दोन्हीची मुदत ३१ मे. म्हणजे नुकत्याच संपलेल्या २०२४-२५ साठी तुमच्या हातात आता महिना-दीड महिना आहे. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क लागतं, दंड वेगळा. पण त्याहून वाईट म्हणजे देणगीदाराने वजावट मागितलेली असते आणि खात्याकडे तुमच्या बाजूची नोंदच नसते. नोटीस त्याला येते. असा माणूस परत तुमच्या दारात उभा राहील का? पॅनचा एक आकडा चुकला तरी हेच होतं, तेव्हा भरण्याआधी दोघांनी मिळून वाचा, एकाने मोठ्याने आणि दुसऱ्याने वही धरून.

रोख २,००० रुपयांच्या वर घेतलीत तर देणगीदाराला ८०जीची वजावट मिळत नाही, हे पैसे हातात घेण्याआधी सांगा. आणि नवी करप्रणाली निवडलेल्याला ही वजावट मुळीच नाही. जुन्या प्रणालीतही एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतचीच देणगी धरतात आणि तिच्या निम्म्याची वजावट मिळते. म्हणून आवाहनात 'करसवलत' मोठ्या अक्षरात छापू नका. बऱ्याच जणांना ती लागू नाही आणि मागाहून कळल्यावर फसवल्यासारखं वाटतं.

यूपीआयचा घोळ सगळीकडे आहे. क्यूआर कोडवर पैसे येतात, खात्यात नाव अर्धवट दिसतं, पत्ता नाही, पॅन नाही. आभार मानायचे तर कुणाचे? क्यूआरच्या खाली ठळक लिहा: 'पैसे पाठवल्यावर नाव, पत्ता, पॅन आणि व्यवहाराचा क्रमांक या नंबरवर कळवा.' आणि दर सोमवारी बँकेचा उतारा काढून तो क्रमांक जुळवा. महिनाभर साठवलंत तर जुळत नाही. निनावी देणग्या वर्षभरात एक लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यातल्या मोठ्या रकमेच्या वर गेल्या तर वरच्या भागावर ३० टक्के कर आहे, तेव्हा हे नुसतं सौजन्याचं काम राहत नाही.

परदेशातल्या मराठी माणसांबद्दल सावध राहा. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत, पासपोर्टची प्रत मात्र दप्तरी ठेवा. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला गावचाच मुलगा, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, कायद्याच्या दृष्टीने परदेशी स्रोत आहे. त्याने इथल्या बँकेतून रुपयांत दिले तरीही. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ते पैसे घेऊ नका. नोंदणी असली तरी ते आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. प्रेमाने पाठवलेले पैसे परत करताना जीवावर येतं, पण कारण नीट समजावून सांगितलं की लोक उलट मान देतात.

आणि खिडकी_क्र_३ काकांचा ग्रंथालयाचा अनुभव: विशिष्ट कामासाठी आलेल्या पैशाला हिशेबात वेगळं खातं ठेवा. कायमनिधीसाठी, म्हणजे मुद्दल कायम राखायच्या निधीसाठी, दिला असेल तर देणगीदाराचं तसं लेखी पत्र घ्याच, ती रक्कम वेगळी गुंतवावी लागते.

---

फडापल्याड

मनापासून आभार. स्वयंपाकघराचं पत्र आज रात्रीच लिहायला घेतो. १०बीडीचं काम आमचे सीए बघतात, पण पॅन मोठ्याने वाचून तपासायचं उद्याच करतो.

ताई, एक अवघड प्रश्न आहे. मोठ्या रकमा देणारे काही जण अटी घालतात. एक जण म्हणतात, माझ्या मुलाचा वाढदिवस तुमच्याकडे करू, केक आम्ही आणू, मुलांनी गाणं म्हणावं, व्हिडिओ काढू. एकांना एक ठरावीक मुलगी 'दत्तक' हवी आहे, दर महिन्याला तिचा फोटो आणि फोनवर बोलणं. आणि अधीक्षकांच्या पगाराला कुणीच द्यायला तयार नाही. जेवणाला, दप्तरांना सगळे तयार असतात. नाही म्हणालो तर माणसं जातील अशी भीती विश्वस्तांना वाटते.

---

नोंदवही_ताई

दादा, देणगीदाराचा मान राखायचा तो त्याच्या पैशाचा चोख हिशेब देऊन. पोरांना त्याच्यापुढे उभं करून नव्हे. यात मी तडजोड करत नाही.

वाढदिवसाला मी असं सांगते: "जरूर या, मुलासकट या. त्या दिवशीचं जेवण तुमच्याकडून. केक इथे कापत नाही, कारण आमच्या बऱ्याच मुलींचा वाढदिवस कधी केक कापून झालेला नाही, काहींची जन्मतारीख शाळेने १ जून लावलेली आहे. मुलगा वाढायला उभा राहील का?" एकदा एक दहा वर्षांचा मुलगा श्रीखंडाचं भांडं घेऊन पंगतीत फिरला. एका मुलीने त्याला सांगितलं, चमचा असा धर म्हणजे सांडत नाही. त्याच्या वडिलांनी पुढे आमच्या मुलींच्या सायकलींची दुरुस्ती अंगावर घेतली. जे रागावून गेले तेही आहेत, आणि त्यांच्या पैशावाचून आमची चूल बंद पडलेली नाही.

एका मुलीला एका देणगीदाराशी बांधायचं नाही. तिला दर महिन्याला परक्या माणसाशी फोनवर गोड बोलावं लागतं, शेजारच्या खाटेवरच्या मुलीला कुणाचाच फोन येत नाही, आणि ही पुढच्या वर्षी फडावर गेली तर तिकडच्या साहेबांना काय सांगायचं हे ओझं तिच्याच डोक्यावर. त्यांना सांगा, एका मुलाचा हंगामभराचा खर्च अमुक आहे, तो तुम्ही उचला, बातमी सगळ्या वर्गाची मिळेल. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख माध्यमांत उघड करायला बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ ने मनाई आहे. तुमचं वसतिगृह त्या कायद्याखाली नोंदलेलं नसलं तरी दंडक तोच ठेवा. फोटो लागलाच तर हातांचा, वहीचा, पंगतीचा पाठीमागून. मुलांकडून आभाराची पत्रं लिहवून घेऊ नका. एखाद्या पोराला आपणहून चित्र काढून द्यायचं असेल तर जरूर पाठवा.

पगाराचं मात्र तोंड उघडून मागा. आम्ही दोन वर्षं आवाहनात हेच लिहिलं: "रात्री दोन वाजता मुलीला ताप भरला तर तिला दुचाकीवरून तालुक्याच्या दवाखान्यात नेणाऱ्या अधीक्षकबाईंचं मानधन महिन्याला इतकं आहे. ते द्यायला आम्हाला माणसं हवी आहेत." बाईंच्या संमतीने लिहिलं. आमच्या जुन्या देणगीदारांपैकी सात जणांनी ते वाटून घेतलं आहे. त्यातल्या दोघी निवृत्त परिचारिका आहेत, त्यांना रात्रीचे दोन म्हणजे काय ते ठाऊक होतं. म्हणून वहीतला तो 'का दिली' रकाना महत्त्वाचा. कुणाला काय विचारायचं ते तिथेच सापडतं.

विश्वस्तांसाठी एक सुचवते. प्रत्येक सभेच्या आधी एकेका विश्वस्ताने तीन देणगीदारांना फोन करायचा, मागायला नाही, कळवायला. आणि ते काय म्हणाले ते सभेत सांगायचं, इतिवृत्तात नोंदवायचं. आमच्या विश्वस्तांनी हे सुरू केल्यापासून मेळाव्याचा विषय पुन्हा निघालेला नाही.

गणपतीत 'लोकसत्ता' दरवर्षी 'सर्वकार्येषु सर्वदा'मधून दहा संस्थांची ओळख करून देतो. तिथे किंवा अशाच दुसऱ्या ठिकाणी पुन्हा तुमच्यावर लिहून आलं, तर लेख छापून येण्याआधी तीन गोष्टी हाताशी ठेवा: फोन घ्यायला माणूस, पुरेशी पावतीपुस्तकं आणि सहा महिन्यांनी जायच्या पत्राचा कच्चा मसुदा.

स्वयंपाकघराचं पत्र लिहून झालं की इथे टाका, नावं काढून. मी बघून देते.